सीईटीचे ८४ म्हणजे ८४ टक्के नव्हेत: एमबीएची प्रवेश परीक्षा दुकानदाराच्या नजरेतून



आपल्या चॅनलवर नेहमी जीएसटी, उधारी, स्टॉक, पॅकिंग असे विषय असतात. आज विषय थोडा वेगळा आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण गोष्ट शेवटी पैशावर आणि वेळेवरच येते. व्हिडिओत मी हे वीस मिनिटांत उरकलं होतं. बऱ्याच जणांनी सांगितलं की आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश लिहिते.

झालं असं. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. खोके, पिशव्या, टेप. एक काका दरवर्षी गणवेशाच्या पिशव्या माझ्याकडून नेतात. आपलं सोलापूर चादरीसाठी प्रसिद्ध आहे, तसंच आता शाळेच्या गणवेशासाठीही ओळखलं जातं, हे तुम्हाला माहीतच आहे. काकांचं छोटं युनिट आहे, बारा मशिनी. मुलगा बी.कॉम. झालेला. युनिटचा हिशेब आणि डिस्पॅच तोच बघतो. काका त्या दिवशी पेढे घेऊनच आले.

"ताई, पोराला एमबीएच्या परीक्षेत ८४ टक्के पडले बघा!"

मी पेढा घेतला, अभिनंदन केलं. मग काका हळूच म्हणाले, "पुण्याच्या एका कॉलेजसाठी कन्सल्टंटचा फोन आला होता. म्हणतो, आज ५० हजार भरा, सीट पक्की करतो. दोन मशिनींसाठी ठेवलेले पैसे आहेत. भरू का?"

मी म्हटलं, "काका, आज काही भरू नका. पोराला घेऊन संध्याकाळी या. आणि येताना वही आणा."

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी वहीवर जे मांडलं, तोच आजचा धडा.

१. ही परीक्षा असते कशाला?

एका कॉलेजात जागा साठ आणि अर्ज हजारो. कोणी पुण्याचा बी.ई., कोणी सोलापूरचा बी.कॉम., कोणी नांदेडचा बी.ए. एका विद्यापीठाचे ६५ टक्के आणि दुसऱ्याचे ६५ टक्के सारखे नसतात. मग सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं तर एकच पेपर द्यावा लागतो. एवढंच.

अमेरिकेत हा प्रश्न आधी आला. तिथल्या बिझनेस स्कूल्सनी मिळून एक सामाईक परीक्षा काढली आणि ती १९५४ साली पहिल्यांदा झाली. तीच आजची जीमॅट. आपल्याकडे आयआयएमसाठी कॅट आहे आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक एमबीए, एमएमएस कॉलेजांसाठी एमएएच-एमबीए सीईटी. ती मुंबईचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो, तो घेतो.

माझ्या वेळी बीबीएला प्रवेश बारावीच्या मार्कांवर मिळाला. आता तसं नाही. २०२४ पासून महाराष्ट्रात बीबीए, बीएमएस, बीसीएसाठीही सीईटी सुरू झाली. म्हणजे तुमच्या घरातल्या धाकट्यांनाही हा धडा लागणार आहे.

२. टक्के आणि पर्सेंटाइल

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. काकांच्या पोराला ८४ टक्के पडलेले नव्हते. त्याला ८४ पर्सेंटाइल होते.

दुकानाचं उदाहरण घ्या. तुम्ही म्हणालात, "माझी विक्री टार्गेटच्या ८४ टक्के झाली." हा तुमचा स्वतःचा आकडा झाला, शेजाऱ्याचा त्यात संबंध नाही. आता तुम्ही म्हणालात, "आमच्या लाइनीत १०० दुकानं आहेत, त्यातली ८४ माझ्याएवढी किंवा माझ्याहून कमी विकतात." हे पर्सेंटाइल. यात तुमची विक्री किती झाली हे कळतच नाही. तुमची जागा कितवी, एवढंच कळतं.

सीईटीत हिशेब असा होतो. तुमच्या सत्रात किती जण बसले ते बघायचं. त्यातले किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क मिळवणारे, ते मोजायचं. भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा सत्रात २०,००० मुलं बसली आणि १६,८०० मुलांचे मार्क तुमच्याइतके किंवा कमी आहेत. १६,८०० भागिले २०,०००, गुणिले १००. आले ८४.

आता उलटं बघा. तुमच्या पुढे किती जण? ३,२००. ते सुद्धा एका सत्रात. परीक्षा तर अनेक सत्रांत होते.

हे ऐकल्यावर काका गप्प झाले. पोरगा खाली बघत होता. त्याला हे माहीत होतं, पण घरात सांगायचा धीर झाला नव्हता. पेढे वाटून झाले होते ना.

मी त्याला म्हटलं, "अरे, लाजण्यासारखं काही नाही. सत्रातल्या शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणांच्या बरोबरीला किंवा पुढे आहेस. फक्त आकड्याचं नाव बरोबर घे."

सत्रनिहाय पर्सेंटाइल का काढतात? सकाळचा पेपर अवघड निघाला आणि दुपारचा सोपा, तर नुसत्या मार्कांवर सकाळच्या मुलांचं नुकसान होईल. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात. त्यामुळे "मित्राला माझ्याहून पाच मार्क कमी, तरी पर्सेंटाइल जास्त कसे?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सत्र वेगळं हेच असतं.

३. कोणती परीक्षा कोणत्या दाराची चावी

एक चावी सगळ्या कुलपांना लागत नाही. आधी दार ठरवा, मग चावी करा. लिहून घ्या.

• एमएएच-एमबीए सीईटी: महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमचं सिमश्री, पुणे विद्यापीठाचं पुम्बा ही मोठी नावंही यातच येतात. पदवीला ५० टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५. शेवटच्या वर्षात असाल तरी बसता येतं. २०२४ ला ही परीक्षा मार्चमध्ये झाली, २०२५ ला एप्रिलच्या सुरुवातीला.

• कॅट: आयआयएमसाठी. शिवाय इतरही बरीच कॉलेजं हा स्कोअर घेतात. साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. महाराष्ट्रात आता नागपूर आणि मुंबई अशी दोन आयआयएम आहेत. स्कोअर एका वर्षाच्या प्रवेशापुरताच चालतो.

• सीमॅट: राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए घेते. देशभरातली बरीच कॉलेजं चालवतात.

• स्नॅप: सिंबायोसिससाठी. एका तासात ६० प्रश्न.

• एनमॅट: मुख्यतः एनएमआयएमएससाठी.

• झॅट: जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची, जानेवारीत. यात निर्णयक्षमतेचा वेगळा भाग असतो.

• जीमॅट: परदेशातल्या आणि आपल्याकडच्याही काही मोठ्या संस्थांसाठी. २०२३ च्या शेवटी तिचं नवं रूप आलं. ६४ प्रश्न, सव्वादोन तास, स्कोअर २०५ ते ८०५ मध्ये. हा स्कोअर पाच वर्षं चालतो. म्हणजे आज परीक्षा देऊन तीन वर्षं धंदा करून मग जायचं असेल, तर ही सोय फक्त इथे आहे.

सोलापुरात राहून, महाराष्ट्रात शिकायचं ठरलेल्या मुलाने सगळे सात फॉर्म भरायची गरज नाही. प्रत्येक फॉर्मला फी आहे आणि प्रत्येक परीक्षेचा ढंग वेगळा आहे. सीईटी मुख्य धरा, सोबतीला एखादी दुसरी. तारखा आणि फी दरवर्षी बदलतात, त्या त्या परीक्षेच्या अधिकृत वेबसाइटवरच बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर विश्वास ठेवू नका.

४. पेपर आत कसा असतो

सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं. पेपर इंग्रजीत. तार्किक विचाराचे ७५ प्रश्न, आकृत्यांचे २५, गणिताचे ५०, इंग्रजी भाषा आणि उताऱ्यांचे ५०. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत.

१५० मिनिटांचे सेकंद ९,०००. भागिले २००. एका प्रश्नाला ४५ सेकंद. आपल्या काउंटरवर गिऱ्हाईक भाव विचारून पिशवी उघडेपर्यंत एवढा वेळ जातो. म्हणजे सगळे प्रश्न नीट सोडवून होतील अशी ही परीक्षा मुळात बनवलेलीच नाही. कोणते प्रश्न सोडायचे हे ठरवणं हा परीक्षेचाच भाग आहे.

कॅट याच्या उलट. तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, एकूण दोन तास. प्रश्न सत्तरच्या आत, पण एकेक प्रश्न डोकं खाणारा. बरोबरला ३ मार्क. पर्यायी प्रश्न चुकला तर १ कापतात. जिथे उत्तर टाइप करायचं असतं तिथे चुकलं तरी कापत नाहीत.

सीमॅटमध्ये पाच भाग, प्रत्येकी २० प्रश्न, तीन तास. बरोबरला ४, चुकीला १ वजा. आणि आपल्या लोकांसाठी खास गोष्ट म्हणजे त्यातला एक अख्खा भाग नवकल्पना आणि उद्योजकतेवर असतो. चॅनल बघणाऱ्यांना तिथे थोडी सोय आहे म्हणा!

५. माझी ३८ प्रश्नांची चूक

हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं. बीबीए झाल्यावर मीसुद्धा सीईटी दिली होती. अभ्यास बरा झाला होता. पेपरात एक कोडं आलं. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, कोण कोणाच्या डावीकडे, कोण कोणाच्या समोर. मला असली कोडी आवडायची. पहिल्यांदा सुटलं नाही. पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदा मांडलं. घड्याळ बघितलं तर अकरा मिनिटं गेली होती.

त्या अकरा मिनिटांचा बदला मी पुढचा सगळा वेळ घेत बसले. घाईत गणितात चुका केल्या. आणि वेळ संपली तेव्हा ३८ प्रश्न तसेच राहिले होते. वाचलेले नव्हते ते सोडा, नुसतं क्लिकसुद्धा केलेलं नव्हतं. मार्क कापत नाहीत हे मला माहीत होतं, तरीही.

आता त्याचा हिशेब बघा. समजा प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आहेत. डोळे मिटून ३८ ठिकाणी क्लिक केलं असतं तर सरासरी पाचातलं एक बरोबर, म्हणजे सात-आठ मार्क. फुकट. आणि जिथे हजारो मुलं एकमेकांना चिकटून उभी असतात, तिथे सात-आठ मार्कांनी बरीच जागा पुढे सरकते.

म्हणून पहिला नियम. जिथे मार्क कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची दोन मिनिटं त्यासाठीच राखून ठेवायची.

जिथे कापतात तिथे काय? कॅटमध्ये चार पर्याय धरा. चार प्रश्न अंदाजे मारले तर एक बरोबर, ३ मिळाले. तीन चुकले, ३ गेले. हातात शून्य. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं आणि उरलेल्या तिघांतून निवडलं, तर तीन प्रश्नांत ३ मिळतात, २ जातात. एक मार्क नफा. म्हणजे निव्वळ अंदाजात फायदा नाही, अर्ध्या माहितीवरच्या अंदाजात थोडा आहे. उधारी देतानाही आपण हेच करतो ना? अनोळखी माणसाला नाही म्हणतो, ओळखीचा दाखला असेल तर थोडा माल देतो.

६. कन्सल्टंटचा फोन आणि कॅप राउंड

आता काकांच्या ५० हजारांकडे येऊ.

सीईटीचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. पुढे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया असते, जिला सगळे कॅप म्हणतात. टप्पे असे. सीईटी सेलच्या पोर्टलवर नोंदणी. कागदपत्रं अपलोड आणि तपासणी. तात्पुरती गुणवत्ता यादी, चूक असेल तर तक्रार. अंतिम यादी. मग कॉलेजांचा पसंतीक्रम, म्हणजे ऑप्शन फॉर्म. मग फेऱ्यांमधून जागावाटप.

यात कोणीही फोनवर जागा पक्की करू शकत नाही. कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातल्या जागा असतात, पण त्यांचीही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी असते. पैसे भरायचे ते कॉलेजच्या खात्यात, पावती घेऊन. कोणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही.

पोराच्या हातात मोबाइल होताच. आम्ही सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीचे कटऑफ उघडले. त्याला हवी असलेली पुण्याची कॉलेजं, त्याचा प्रवर्ग. काही ८४ च्या बऱ्याच वर बंद झालेली होती. आणि गंमत म्हणजे, कन्सल्टंट ज्या कॉलेजसाठी ५० हजार मागत होता, तिथे मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश ८४ च्या बराच खाली झालेला होता. म्हणजे ती जागा मुलाला कॅपमधून सहज मिळण्यासारखी होती. काका बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिले.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: पसंतीक्रम खऱ्या आवडीनेच लिहा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते स्वीकारावंच लागतं, असा नियम गेली काही वर्षं आहे. "बघू तरी मिळतं का" म्हणून कोणतंही नाव वर टाकू नका.

दुसरी: रहिवासी दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस, जे तुम्हाला लागू असेल ते निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा. दाखल्यासाठी प्रवर्गाचा लाभ हुकला की मोठं नुकसान होतं.

तिसरी, मुलींच्या आईवडिलांसाठी: २०२४-२५ पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर हा लाभ नाही. "लवकर पक्की होते" म्हणून बाहेरून सीट घेतली तर केवढ्याला पडेल, याचा विचार करा.

७. वहीवरचा हिशेब

मग आम्ही वहीचं नवं पान काढलं. डावीकडे खर्च. आकडे काकांनी आणि पोराने स्वतः चौकशी करून आणलेले होते. तुमचे वेगळे असतील.

फी वर्षाला दीड लाख, दोन वर्षांची ३ लाख. पुण्यात राहणं-जेवण महिन्याला १२ हजार, वीस महिन्यांचे २ लाख ४० हजार. लॅपटॉप, पुस्तकं, प्रवास ६० हजार. एकूण ६ लाख.

काका म्हणाले, "एवढं जमेल."

मी म्हटलं, "थांबा. पोरगा गेल्यावर हिशेब आणि डिस्पॅच कोण बघणार?"

माणूस ठेवावा लागेल. महिन्याला १५ हजार धरले तरी चोवीस महिन्यांचे ३ लाख ६० हजार. एकूण गेलं ९ लाख ६० हजारांवर. हा दुसरा खर्च कोणाच्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो, पण तो धंदेवाल्या घरात खरोखर द्यावा लागतो.

आता उजवीकडे येणं. पोरगा शिकून नोकरी करणार असेल तर हिशेब वेगळा. तेव्हा कॉलेजमधून नोकरी मिळालेल्या माजी विद्यार्थ्यांना भेटा आणि खरे पगार विचारा. जाहिरातीतला सर्वात मोठा पगार एकाचा असतो, तुम्ही मधल्याचा विचारा.

पण काकांच्या मनात होतं की पोराने परत येऊन युनिट मोठं करावं. मग ९ लाख ६० हजार चार वर्षांत वसूल करायचे तर वर्षाला २ लाख ४० हजार, महिन्याला २० हजार जास्तीचा नफा हवा. काकांच्या हातात एका गणवेशामागे ४० रुपये उरतात. २० हजार भागिले ४०. महिन्याला ५०० गणवेश जास्त विकावे लागतील, आत्ता विकतात त्याच्यावर.

"५०० होतील का रे?" काकांनी विचारलं.

पोराने पहिल्यांदा नीट वर बघितलं. म्हणाला, "मला ऑनलाइन विक्री आणि बाहेरच्या राज्यातल्या शाळांचं टेंडर कसं भरतात ते शिकायला मिळालं तर होतील. नुसत्या डिग्रीने नाही होणार."

मला वाटतं, त्या संध्याकाळी त्या वहीवरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते होतं. काय शिकायचं हे माहीत असेल तर कॉलेज निवडता येतं, नाहीतर कॉलेज आपल्याला निवडतं. दुसरे रस्तेही आहेत. मुंबईत एसपीजेआयएमआर आणि एनएमआयएमएससारख्या संस्था घरचा धंदा असलेल्या मुलांसाठी वेगळे अभ्यासक्रम चालवतात. दुकान सोडता येत नसेल तर इग्नूचं दूरस्थ एमबीए आहे, त्याला आता प्रवेश परीक्षाही नाही. टेंडरपुरतंच शिकायचं असेल तर दोन वर्षांची गरजच नसेल.

८. परीक्षा काय मोजते, काय मोजत नाही

ही परीक्षा तीन गोष्टी मोजते. इंग्रजी मजकूर वाचून त्यातलं नेमकं काढता येतं का. आकड्यांशी भीती न बाळगता वागता येतं का. आणि कमी वेळात कशाला हात घालायचा, काय सोडायचं हे कळतं का. तिन्ही गोष्टी दुकानातही लागतात. म्हणून "असल्या परीक्षेचा काय उपयोग" असं मी म्हणणार नाही.

पण उधारी वसूल करायला फोन उचलण्याची हिंमत ती मोजत नाही. कारागीर सीझनमध्ये गावी गेला तर काय करायचं, ते विचारत नाही. गिऱ्हाईक परत का येत नाही, हे तिला ठाऊक नाही. वालचंद हिराचंद १८८२ साली याच सोलापुरात जन्मले. पुढे जहाज, विमान, मोटार असे उद्योग त्यांनी उभे केले. तेव्हा भारतात कुठलं आयआयएम होतं! पहिली दोन आयआयएम निघाली १९६१ साली. पण हे उदाहरण "शिकू नका" यासाठी देत नाही. आजची स्पर्धा वेगळी आहे. एवढंच सांगते की पर्सेंटाइल कमी आले म्हणून धंद्यातली लायकी कमी होत नाही, आणि जास्त आले म्हणून धंदा जमेलच असंही नाही.

माझी खंत आहे का? खरं सांगू, कधी कधी आहे. पहिल्यांदा बँकेत कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायची वेळ आली, तेव्हा तीन रात्री बसून जे शिकले ते वर्गात आधी शिकता आलं असतं. पण त्याहून जास्त खंत त्या ३८ प्रश्नांची आहे. निवड करण्याइतके मार्क मिळवून मग दुकान निवडलं असतं तर वेगळं वाटलं असतं.

९. दुकान सांभाळून तयारी

दिवसाला आठ तास अभ्यास आपल्याला जमणार नाही. जमेल तेवढंच सांगते.

गणवेशवाल्यांचा सीझन उन्हाळ्यात, परीक्षाही त्याच्या तोंडावर. म्हणून दिवाळी झाली की सुरुवात करा. गड्ड्याची जत्रा संपेपर्यंत पाया पक्का व्हायला हवा. टक्केवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, सरासरी हे आपल्याला रोजचंच आहे, फक्त कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. दिवसातली पाच बिलं तोंडी करा.

शटर उघडण्याआधी रोज पाऊण तास. तीन दिवस तर्काचे प्रश्न, दोन दिवस गणित, एक दिवस आकृत्या. इंग्रजी मात्र रोज. आपल्याकडे घरात मराठी, तेलुगू, कन्नड, शाळा सेमी-इंग्लिश, त्यामुळे पोरं उताऱ्याला घाबरतात. रोज एका इंग्रजी वर्तमानपत्रातली एकच व्यापारविषयक बातमी वाचा आणि तिचा अर्थ मराठीत दोन ओळींत लिहा.

जानेवारीपासून रविवारी एक पूर्ण मॉक टेस्ट. अडीच तास सलग, फोन बंद. त्यानंतरचा एक तास जास्त महत्त्वाचा. चुकलेल्या प्रश्नांच्या तीन खाती करा. येत नव्हतं, येत होतं पण घाई झाली, आणि सोडायला हवं होतं पण अडकले. तिसरं खातं दर आठवड्याला लहान होतंय का ते बघा.

शेवटी काय झालं?

काकांनी ५० हजार भरले नाहीत. एक मशीन घेतली. पोराने कॅपमध्ये फक्त चार कॉलेजं भरली, जिथे खरंच जायचं होतं तीच. एकही मिळालं नाही. वाईट वाटलं त्याला, घरातही दोन दिवस शांतता होती. आता तो पुन्हा परीक्षेला बसतोय. सकाळी अभ्यास, दहा वाजता युनिट. मधल्या काळात त्याने प्रत्येक शाळेचं वेगळं खातं मांडलं, तेव्हा कळलं की सगळ्यात मोठी ऑर्डर देणारी शाळा नऊ महिने पैसे थकवते आणि तिच्यात नफा जवळजवळ उरतच नाही. त्या शाळेला यंदा अर्धा ॲडव्हान्स मागितलाय.

निर्णय बरोबर होता की चूक, हे आज मी सांगू शकत नाही. पण तो कोणाच्या फोनवर झाला नाही, तिघांनी वहीवर मांडून झाला.

तुमचा गृहपाठ. एक पान घ्या. वर लिहा, "मला नेमकं काय शिकायचं आहे?" खाली डावीकडे खर्च, त्यात तुमच्या गैरहजेरीचाही खर्च. उजवीकडे, दर महिन्याला किती जास्त कमवावं लागेल तो आकडा. आणि तो आकडा रुपयांत ठेवू नका, तुमच्या मालाच्या नगांत लिहा. मग घरच्यांसमोर बसून वाचा. त्यानंतर फॉर्म भरायचा की नाही ते ठरवा.

भेटू पुढच्या धड्यात.